रंग विटण्याआधी : छोट्या संग्रहालयासाठी प्रकाशचाचणी आणि प्रकाशधोरण

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आमचा छोटा संग्रह आहे. एका डिसेंबरात काचपेट्यांची साफसफाई करताना आम्ही एका जांभळ्या पैठणीच्या पदरावर ठेवलेली माहितीची पुठ्ठ्याची पाटी उचलली, तर तिच्याखाली वीतभर लांबीचा गर्द जांभळा आयत निघाला आणि त्याच्या कडेने सगळे वस्त्र राखी-गुलाबी झालेले दिसले. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो बदल कधी जाणवला नव्हता, कारण रंग एका दिवसात उडत नाही आणि शेजारी तुलनेला जुना रंग नसतो. पाटी नऊ वर्षे एकाच जागी होती. पेटीवर मुद्दाम ऊन येऊ दिलेले नव्हते. फक्त हिवाळ्यात, सूर्य दक्षिणेकडे झुकला की, दक्षिणेच्या खिडकीतून सुमारे दीड तास उन्हाची तिरीप पदरापर्यंत पोहोचत असे.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत प्रकाश मोजणे, रंगांची चाचणी घेणे आणि लेखी धोरण ठरवणे ही सगळी कामे आम्ही चुकतमाकत शिकलो. ज्यांच्याकडे घराण्याचा, संस्थेचा, वाचनालयाचा किंवा स्मारकाचा संग्रह आहे आणि पदरी प्रशिक्षित संवर्धक नाही, अशांसाठी हा क्रम लिहीत आहे.

१. आधी तीन गोष्टी पक्क्या समजून घ्या

पहिली गोष्ट अशी की प्रकाशाचा परिणाम साठत जातो. वस्तूवर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात आणि त्याला तासांनी गुणले की लक्स-तास मिळतात. ५० लक्समध्ये दहा तास आणि ५०० लक्समध्ये एक तास, दोन्हींचा हिशोब ५०० लक्स-तासच होतो. त्यामुळे “आम्ही दिवे फक्त पाहुणे आल्यावर लावतो” हे उत्तर पुरेसे नसते. दिवे किती प्रखर आहेत आणि वर्षभरात एकूण किती तास लागतात, हे दोन्ही सांगावे लागते.

दुसरी गोष्ट, उडालेला रंग परत येत नाही. अंधारात विश्रांती दिल्याने वस्तू ‘सावरते’ हा समज चुकीचा आहे. अंधारात फक्त पुढचे विटणे थांबते. एक अपवाद लक्षात ठेवावा. प्रशियन निळ्या रंगावर आधारलेले जुने निळे नकाशे, म्हणजे ज्यांना आपण ब्ल्यूप्रिंट म्हणतो ते, प्रकाशात फिके पडतात आणि अंधारात बऱ्याच अंशी पुन्हा गडद होतात. अशा नकाशाची मोजणी प्रदर्शन संपल्यावर महिनाभराने केली तर काहीच झाले नाही असे वाटून फसगत होते.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त गैरसमजाची आहे. खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली की काम संपले, असे दुकानदारही सांगतात आणि आपणही मानतो. अतिनील किरण घातक आहेतच. रेशमाचा धागा ठिसूळ होणे, वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून मोडणे यांत त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु नाजूक रंग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही उडतात, आणि ज्या प्रकाशात वस्तू पाहायची तो प्रकाश गाळून टाकता येत नाही. म्हणून फिल्म अवश्य लावा, पण तिच्या भरवशावर पेटी खिडकीशेजारी ठेवू नका.

२. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

साहित्य फार लागत नाही:

- साधा लक्समीटर. मोबाइलमधले मोफत अ‍ॅप वापरू नका. एकाच टेबलावर दोन फोन दोन वेगळे आकडे दाखवतात, हे आम्ही करून पाहिले आहे.
- अतिनील किरणांचा मीटर. हा महाग असतो, म्हणून विकत घेण्याऐवजी एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडून दोन दिवसांसाठी मागून घ्यावा.
- निळ्या लोकरीच्या प्रमाणित पट्ट्या, म्हणजे ब्ल्यू वूल कार्ड.
- बदलाची प्रतवारी करण्यासाठी राखाडी रंगांची मोजपट्टी, अर्थात ग्रे स्केल.
- अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आम्लविरहित कागद, काळी पाकिटे.
- छायाचित्रासाठी रंगपट्टी.

कागदपत्रांमध्ये दाखल-नोंदवही, दालनाचा दिशांसह नकाशा, प्रत्येक काचपेटीचा क्रमांक, संग्रहालय उघडे असण्याचे तास आणि दिव्यांच्या खरेदीची बिले हवीत. बिले कशाला, असे वाटेल. परंतु छतातला दिवा किती वॅटचा, किती केल्व्हिनचा (म्हणजे उजेड पिवळसर की पांढरा) आणि कधी बसवला हे दुसरीकडे कुठेच लिहिलेले सापडत नाही.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे वस्तूचे जुने प्रदर्शन-वृत्त : ती किती वर्षे मांडलेली होती, कोणत्या भिंतीला, कोणत्या दिव्याखाली. लेखी नोंद नसेल तर जुन्या कर्मचाऱ्यांना, शिपाईमामांना विचारून लिहून काढा. आमच्याकडे ही माहिती एका निवृत्त काकांच्या आठवणीतून मिळाली आणि ती छायाचित्रांशी ताडून पाहता बहुतांशी बरोबर निघाली.

३. वस्तूंची वर्गवारी करा

इथे घाई करू नका, कारण पुढचे सगळे निर्णय या वर्गवारीवर उभे राहतात. आंतरराष्ट्रीय प्रकाशशास्त्र आयोगाने, म्हणजे सीआयईने, २००४ च्या अहवालात वस्तूंचे चार वर्ग केले आहेत : प्रकाशाचा परिणाम न होणाऱ्या, कमी संवेदनशील, मध्यम आणि अतिसंवेदनशील. कमी संवेदनशील वस्तूंसाठी २०० लक्स आणि वर्षाला ६,००,००० लक्स-तास, मध्यमसाठी ५० लक्स आणि १,५०,००० लक्स-तास, तर अतिसंवेदनशील वस्तूंसाठी ५० लक्स आणि केवळ १५,००० लक्स-तास अशी मर्यादा त्यात सुचवली आहे.

पहिल्या वर्गात धातू, दगड, बहुतेक मातीची भांडी आणि काच येते. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत मांडलेल्या नाण्यांसारख्या वस्तूंना प्रकाशाने रंग उडण्याची भीती नसते. तिथे दिव्याची उष्णता आणि हवेतला दमटपणा यांचीच काळजी अधिक. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयामुळे आपल्याकडे खनिजांची आवड पुष्कळांना लागली आहे, त्यांना मात्र एक सूचना द्यावीशी वाटते : सगळी खनिजे दगडासारखी निर्धास्त नसतात. मनःशीळ हे लाल खनिज प्रकाशात पिवळी भुकटी होऊन झडते आणि काही जांभळे स्फटिक दीर्घकाळ उन्हात फिके पडतात.

खरी चिंता रंगवलेल्या कापडांची आणि कागदाची. हळदीचा पिवळा आणि करडईच्या फुलांचा कुसुंबी हे नैसर्गिक रंग अतिशय हळवे आहेत. तुरटी देऊन चढवलेला मंजिष्ठेचा लाल मध्यम टिकतो. नीळ त्याहून बरी. “नैसर्गिक रंग पक्का, रासायनिक कच्चा” हे सूत्र म्हणून टिकत नाही, कारण पक्का आणि कच्चा असे दोन्ही प्रकार दोन्हीकडे आहेत. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधल्यानंतरच्या काही दशकांत आलेले अनेक झगझगीत रंग फार लवकर उडणारे होते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे जांभळे, गुलाबी आणि मोरपंखी रेशीम दिसले, मग ते येवल्याच्या मागावरचे असो वा आणखी कुठले, तर चाचणी होईपर्यंत ते अतिसंवेदनशील वर्गातच धरावे.

कागदांमध्ये काजळाच्या शाईने लिहिलेल्या पोथ्या आणि बखरी सर्वांत निर्धास्त, कारण काजळ म्हणजे निव्वळ कार्बन. परंतु त्याच पोथीतली हरताळाची पिवळी पट्टी प्रकाशात फिकी पडू शकते आणि हिंगुळाचा लाल काळवंडू शकतो. जांभळी शाई, जांभळी कॉपिंग पेन्सिल आणि रबरी शिक्क्यांची जांभळी शाई ही तिन्ही धोक्याची. स्वातंत्र्यचळवळीच्या काळातली पत्रे, पावत्या आणि सभासदपत्रे याच शायांनी भरलेली असतात, म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही स्मारकाने आपल्या जांभळ्या शाईची यादी आधी करावी. रंगीत छायाचित्रे, बॉलपेनाची अक्षरे आणि जलरंग हे त्यानंतर. नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाल्यापासून आपल्या शहरातल्या कितीतरी घरांमध्ये टपाल तिकिटांचे संग्रह आहेत. तिकिटे भिंतीवर चौकटीत लावण्याऐवजी वहीतच ठेवावीत आणि भिंतीवर त्यांची प्रतिमा छापून लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. दालनातला प्रकाश मोजा

लक्समीटरचा पांढरा गोलाकार डोळा वस्तूच्या पृष्ठभागाला लागून आणि त्याच पातळीत धरा. वस्तू उभी असेल तर मीटरही उभा, उतरती असेल तर उतरता. तोंड प्रकाशाकडे असावे, स्वतःकडे नव्हे. स्वतःची सावली पडू देऊ नका आणि पांढरा सदरा घालून मोजणी करू नका, कारण त्यावरून परतलेला प्रकाशही मीटर मोजतो. मोठ्या वस्तूवर किमान पाच ठिकाणी मोजा. दिव्याच्या झोताखालचा मध्य आणि कोपरा यांत कितीतरी पटींचा फरक निघतो.

दिवे चालू आणि खिडक्या बंद, दिवे बंद आणि खिडक्या उघड्या, आणि दोन्ही एकत्र असे तीन आकडे सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता घ्या. हे एकदाच करून थांबू नका. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. डिसेंबरमध्ये मात्र तो दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४६-४७ अंशांच्याच उंचीवर असतो आणि ऊन खोलीत लांबवर शिरते. आमची पहिली मोजणी जुलैत, भरल्या आभाळात झाली होती आणि आकडे इतके समाधानकारक आले की दक्षिणेची ती खिडकी आणखी दोन वर्षे उघडीच राहिली. मोजणी निदान तीनदा करा : डिसेंबर-जानेवारीत, मे महिन्यात आणि पावसाळ्यात.

त्या खिडकीचा हिशोब नंतर मांडला तो असा. उघड्यावरचे थेट ऊन सुमारे एक लाख लक्सपर्यंत जाते. काचेतून आत येणारे ऊन त्याच्या निम्मे, म्हणजे ५०,००० लक्स धरले आणि हिवाळ्यातले चाळीस दिवस रोज दीड तास मोजले, तर ६० तासांत ३० लाख लक्स-तास होतात. तीच पेटी ५० लक्सच्या दिव्याखाली रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस ठेवली असती, तर वर्षाचे १,२०,००० लक्स-तास झाले असते. एका हिवाळ्यातल्या तिरिपेने पंचवीस वर्षांचा प्रकाश वस्तूवर ओतला होता.

अतिनील किरणांचे प्रमाण प्रति ल्युमेन मायक्रोवॅटमध्ये मोजतात. पूर्वी ७५ ही मर्यादा मानत. आता चांगल्या एलईडी दिव्यांमुळे १० पर्यंत खाली आणणे सहज शक्य आहे. काचेतून येणाऱ्या उजेडात हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त असते.

५. निळ्या लोकरीच्या पट्ट्या लावा

या पट्टीवर निळ्या रंगाने रंगवलेल्या लोकरीचे आठ तुकडे असतात. क्रमांक १ सर्वांत लवकर उडतो, क्रमांक ८ सर्वांत उशिरा, आणि प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा साधारण दोन ते तीन पट टिकाऊ असतो. अतिनील किरण गाळलेल्या प्रकाशात डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका बदल होण्यासाठी क्रमांक १ ला सुमारे ३ लाख लक्स-तास, क्रमांक २ ला १० लाख, क्रमांक ३ ला ३० लाख आणि क्रमांक ४ ला १ कोटी लक्स-तास लागतात. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अतिनील किरण न गाळता आले तर हे आकडे खाली येतात. उदाहरणार्थ क्रमांक ३ ला निम्मेच, म्हणजे १५ लाख पुरतात, आणि क्रमांक ४ ला ३५ लाखच.

पट्टीचा अर्धा भाग आडवा फॉइलने घट्ट झाका, म्हणजे प्रत्येक तुकडा अर्धा उघडा आणि अर्धा झाकलेला राहील. मागे तारीख, पेटी क्रमांक आणि दिशा लिहा. पट्टी वस्तूच्या शेजारी, त्याच पातळीत ठेवा. पेटीच्या तळाशी सावलीत ठेवलेली पट्टी काहीच खरे सांगत नाही. तिची जोडीदार पट्टी काळ्या पाकिटात, कपाटात. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला फॉइल उचलून, उत्तरेच्या उजेडात, राखाडी मोजपट्टीशी ताडून पाहा. मोजपट्टीवरची चौथी प्रत म्हणजे जेमतेम जाणवणारा बदल. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे पाहून आकडे लिहावेत आणि मगच एकमेकांना दाखवावेत.

पट्टी झटपट उत्तर देईल अशी अपेक्षा ठेवू नका. ४०० लक्सच्या पेटीत क्रमांक १ साधारण चार महिन्यांत हलतो, ५० लक्सच्या पेटीत त्याला अडीच वर्षे लागतात. मात्र महिनाभरात क्रमांक १ फिका झाला, तर तिथे कुठून तरी ऊन येत आहे असे समजा आणि त्याच दिवशी शोध घ्या.

६. पर्यायी नमुन्यांची खिडकीतली चाचणी

मूळ वस्तू कधीही उन्हात ठेवून पाहू नका, अगदी तिचा ‘न दिसणारा कोपरा’सुद्धा नाही. परंतु त्याच काळातली, त्याच शाईची आणि संग्रहमूल्य नसलेली सामग्री पुष्कळदा मिळते : कोऱ्या पावतीपुस्तकावरचा जांभळा शिक्का, एकाच हस्तपत्रकाच्या वीस प्रतींपैकी फाटलेली एक, दुरुस्तीत आपोआप सुटलेला धागा. असे तुकडे नोंद करून आणि प्रमुखांच्या लेखी परवानगीनेच वापरा.

तुकडा आणि निळ्या लोकरीची पट्टी एकाच पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी लावून दोन्ही अर्धी फॉइलने झाका आणि पुठ्ठा बंद काचेच्या आत, अतिनील किरण अडवणाऱ्या फिल्मच्या मागे, भरपूर उजेडाच्या खिडकीत ठेवा. तुकड्यात जेमतेम जाणवणारा बदल ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी पट्टीवरचा कितवा क्रमांक तेवढाच बदललेला आहे ते पाहा. क्रमांक २ असेल, तर ती शाई ‘दोनची’. आमच्याकडचा जांभळा शिक्का एकपेक्षाही आधी फिका झाला आणि छापील काळा मजकूर शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

ही चाचणी एप्रिल-मेमध्ये बंद खिडकीत करू नका. तिथे तापमान इतके वाढते की उष्णतेचा परिणाम प्रकाशाच्या परिणामात मिसळतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पुष्कळ रंग जास्त वेगाने उडतात, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो.

७. सूक्ष्म-विरंजन चाचणी : कधी करावी आणि तिच्याकडून काय मागावे

मूळ वस्तूवरच, तिला न दुखावता चाचणी घेण्याची एक पद्धत आहे. तिला मायक्रोफेडिंग म्हणतात. १९९९ मध्ये पॉल व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या या पद्धतीत झेनॉन दिव्याचा, अतिनील आणि उष्ण किरण गाळलेला अतिप्रखर झोत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान ठिपक्यावर टाकतात. झोताची प्रखरता काही दशलक्ष लक्स असते, त्यामुळे अनेक वर्षांच्या प्रदर्शनाइतका प्रकाश काही मिनिटांत त्या ठिपक्यावर पडतो. त्याच वेळी ठिपक्यातून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट यंत्र सतत मोजत राहते आणि ठरवलेल्या मर्यादेपर्यंत बदल होताच झोत बंद करतात. ठिपका इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना तो सापडत नाही. त्याच बैठकीत निळ्या लोकरीच्या १, २ आणि ३ क्रमांकांवरही तीच चाचणी घेतात आणि वस्तूचा रंग कोणाच्या जवळ आहे हे सांगतात.

हे यंत्र छोट्या संस्थेने विकत घेण्यासारखे नाही. लखनौची सांस्कृतिक संपदा संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांसारख्या संवर्धनकार्य करणाऱ्या मोठ्या संस्थांना पत्र लिहून, यंत्र आणि चालक कुठे उपलब्ध होईल याची चौकशी करावी. पत्रासोबत वस्तूंची निवडक यादी, छायाचित्रे आणि प्रत्येक वस्तूवरच्या रंगांची नोंद जोडावी. “सगळा संग्रह तपासून द्या” असे लिहू नये. ज्या वस्तू लोकांना वारंवार दाखवायच्या आहेत आणि ज्यांच्याबद्दल वर्गवारीत शंका उरली आहे, त्याच निवडाव्यात.

आमच्या अकरा वस्तूंवर भेटीला आलेल्या एका तज्ज्ञांनी ही चाचणी करून दिली. एका दिवसात ती सगळी झाली आणि आमचे तीन अंदाज साफ चुकले. आम्ही हळवे समजलेले पैठणीचे हिरवे काठ तीनपेक्षा टिकाऊ निघाले. निर्धास्त समजलेल्या एका हस्तपत्रकाची लाल शाई दोनच्या आसपास आली. सर्वांत बोलका निकाल त्या जांभळ्या पदराचा होता. पाटीखाली जपलेला गर्द भाग दोनच्या जवळ होता, तर आधीच फिका झालेला भाग तीनच्या जवळ. रंग सुरुवातीला वेगाने उडतो आणि मग संथ होतो, म्हणून फिक्या भागावर चाचणी घेऊन ‘वस्त्र टिकाऊ आहे’ असा निष्कर्ष काढला असता तर उरलेला खरा रंगही आम्ही घालवून बसलो असतो. चाचणीचे ठिपके कुठे घ्यायचे हे चालकावर सोडून न देता आपण शेजारी उभे राहून ठरवा : प्रत्येक रंगावर किमान दोन, त्यातला एक दुमडीत किंवा काठाखाली जपलेल्या भागावर.

या चाचणीच्या मर्यादाही लक्षात ठेवा. ती रंगाबद्दल सांगते, रेशमाच्या धाग्याच्या बळाबद्दल नाही. गाळलेल्या प्रकाशात केलेली असल्याने, आपल्या दालनात अतिनील किरण असतील तर तिचे निकाल जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय काही रंग मंद प्रकाशात, झोताच्या हिशोबापेक्षा थोडे वेगळे वागतात, म्हणून निकाल सावध बाजूनेच वापरायचा.

८. वस्तूनिहाय हिशोब मांडा

आता धोरणाचा गाभा येतो, आणि तो प्रश्न विश्वस्तांना विचारावा लागतो : किती वर्षांत किती बदल आपण सोसायला तयार आहोत? शून्य बदल हवा असेल, तर वस्तू कायम अंधारात ठेवावी लागेल आणि मग संग्रहालय कशाला, असा प्रश्न लोक रास्तपणे विचारतील. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पन्नास वर्षांत जेमतेम जाणवणारा एक बदल हे माप धरले होते. आम्हीही तेच स्वीकारले.

रोज आठ तास आणि ५० लक्स धरले, तर हिशोब असा उतरतो. क्रमांक १ च्या वस्तूचे ३ लाख लक्स-तास पन्नास वर्षांत वाटले की वर्षाला ६,००० येतात, म्हणजे १२० तास किंवा पंधरा दिवस. क्रमांक २ ची वस्तू वर्षाला २०,००० लक्स-तास, म्हणजे पन्नास दिवस. क्रमांक ३ ची ६०,०००, म्हणजे दीडशे दिवस. क्रमांक ४ ची वस्तू वर्षभर मांडली तरी १,२०,००० लक्स-तासच होतात आणि तिची मर्यादा २,००,००० आहे, त्यामुळे ती कायम मांडता येते.

पंधरा किंवा पन्नास दिवस दरवर्षी वापरलेच पाहिजेत असे नाही. क्रमांक २ च्या पैठणीचे पाच वर्षांचे अडीचशे दिवस साठवून एका मोठ्या प्रदर्शनात वापरता येतात, मात्र त्यानंतर उरलेली चार वर्षे ती साठवणीच्या अंधाऱ्या पेटीतच राहील हे त्याच दिवशी लिहून टाकावे लागते. आधीचे प्रदर्शन-वृत्त इथे कामाला येते : वस्तूने पूर्वीच भरपूर प्रकाश सोसला असेल तर जपलेल्या रंगाच्या आकड्यावरच हिशोब करा.

हाच हिशोब उलट बाजूनेही उपयोगी पडतो. सगळे दालन सरसकट ५० लक्सवर अंधारे करून ठेवल्यावर ज्येष्ठ नागरिक तक्रार करतात, आणि ती तक्रार खरी असते, कारण वयानुसार डोळ्यांना अधिक उजेड लागतो. चाचणीत टिकाऊ ठरलेल्या वस्तूंना १०० किंवा १५० लक्स देता येतात, आणि ज्या खरोखर हळव्या आहेत त्यांना त्यांच्या वाट्याचे मोजके दिवस. आमच्या आजी-आजोबांना काजळाच्या शाईची अक्षरे वाचता यावीत म्हणून पोथ्यांच्या पेटीचा प्रकाश आम्ही वाढवला आहे.

९. प्रकाशव्यवस्था बदला

क्रम असा ठेवा : आधी दिवसाचा उजेड आवरा, मग दिवे बदला, शेवटी तास कमी करा. दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडक्यांना आतून जाड अस्तराचे पडदे किंवा लाकडी झडपा लावा. वाड्यांना झडपा मुळातच असतात, त्या फक्त पुन्हा चालू कराव्या लागतात. चौकाकडे उघडणाऱ्या दारांतून येणारा परावर्तित उजेड विसरू नका. दिवे ३००० केल्व्हिनच्या आसपासचे, रंगदर्शन निर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० किंवा अधिक असलेले एलईडी घ्या आणि मंद करता येणारे आहेत याची दुकानातच खात्री करा. पेटीच्या आत दिवा नको. दिव्याला वीज पुरवणारे चोक आणि ड्रायव्हर तर मुळीच नको, ते तापतात.

माणूस समोर आल्यावरच दिवा लागण्याचा सेन्सर हा सर्वांत स्वस्त आणि गुणी उपाय आहे. तो नसेल तर पेटीवर जाड कापडाचे झाकण आणि “उचलून पाहा, मग पुन्हा झाका” अशी पाटी. लोक ती पाळतात, मुले तर आनंदाने पाळतात. प्रेक्षकांना उजेडातून एकदम अंधाऱ्या दालनात आणू नका. मधली एक खोली किंवा बोळ मंद प्रकाशाचा ठेवला की डोळे सरावतात आणि ५० लक्सही पुरेसे वाटतात.

झाडलोट, पाणी मारणे, चित्रीकरण आणि संध्याकाळचे कार्यक्रम यांच्या वेळी लागलेले दिवे हिशोबात कुणीच धरत नाही. आमच्याकडे सकाळच्या झाडलोटीसाठी रोज दीड तास सगळे दिवे लागत होते. आता त्यासाठी दाराजवळ एक वेगळा दिवा आणि वेगळे बटण आहे.

१०. धोरण लिहा आणि मंजूर करून घ्या

धोरण दोन पानांचे पुरे. त्यात सोसायचा बदल आणि त्याची मुदत, वस्तूंचे वर्ग व प्रत्येक वर्गाची लक्स आणि लक्स-तासांची मर्यादा, अतिनील किरणांची मर्यादा, चाचणीशिवाय कोणती वस्तू आपोआप अतिसंवेदनशील धरायची, उसनी देताना घ्यायची हमी, अपवाद कोण मंजूर करेल आणि मोजणी कोण, कधी करेल हे लिहा. पदाचे नाव लिहा, व्यक्तीचे नको. विश्वस्तांच्या सभेत ठराव करून इतिवृत्तात नोंद घ्या. नुसत्या तोंडी संमतीवर ठेवलेले धोरण पुढच्या जयंतीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा मोडते, हे आम्ही अनुभवले आहे. पाहुण्यांना नीट दिसावे म्हणून लावलेला एक हॅलोजन नंतर आठवडाभर तसाच चालू राहिला होता.

दाखल-नोंदवहीत प्रत्येक हळव्या वस्तूसाठी एक प्रकाशपान जोडा : चाचणीची तारीख, निळ्या लोकरीचा समकक्ष क्रमांक, वार्षिक मर्यादा, आणि खाली दर प्रदर्शनाची सुरुवात, शेवट, सरासरी लक्स, झालेले लक्स-तास आणि सही. वस्तू साठवणीच्या पेटीत परत जाताना रंगपट्टीसह छायाचित्र काढून त्याच पानाला लावा. माहितीची पाटी यापुढे काचेच्या बाहेर लावा. मोजणी दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस, जेव्हा तिरीप सर्वांत आत येते तेव्हा करा, आणि धोरणाचा फेरविचार दर पाच वर्षांनी किंवा दिवे, खिडक्या, उघडण्याचे तास यांपैकी काहीही बदलले तर लगेच करा.